पाठकोरी वही

"नको ते बटण दाबून ठेवलंत ना, काकू?" मी सगळ्या लॅबला ऐकू जाईल असं म्हणालो. या लॅबचे कॉम्प्युटर मी सांभाळतो; काकू पेशंटचे रिपोर्ट मेलने पाठवतात. रिपोर्टला पासवर्ड लावणारं ॲड-इन, म्हणजे मेलला जोडलेला छोटा प्रोग्राम, सकाळपासून त्यांच्या कॉम्प्युटरवर लोडच होत नव्हतं. साठ रिपोर्ट अडकले होते आणि लॅबच्या मॅडम हाताची घडी घालून माझ्या मागे उभ्या होत्या. मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, लॉगिन पुन्हा केलं, पण ॲड-इन ढिम्म हलेना. शेवटी बंद केलेल्या ॲड-इन्सची यादी उघडली, तर स्वारी तिथे बसलेली. "हे बघा, आपोआप नाही, कुणीतरी बंद केलंय," मी मॅडमना दाखवलं. "काकू, उद्यापासून हे काम दुसऱ्या कुणाला तरी देते," मॅडम म्हणाल्या. काकूंनी पाठकोऱ्या कागदांची वही उघडली. मी फोनवर सांगितलेलं सगळं त्या तिच्यात तारखेसकट उतरवून घेतात. त्यांचं बोट कालच्या ओळीवर थांबलं: 'मेल उघडायला फार वेळ लागतो. कॉम्प्युटरवाल्या सरांना विचारलं. म्हणाले, ते ॲड-इन बंद करून टाका, काही होत नाही.' माझे कान तापले. "काय आहे त्यात?" मॅडमनी विचारलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी माऊसकडे पाहत राहिलो. त्यांनी वही मिटली. "माझंच काहीतरी चुकलं असेल," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी मला विचारून दाबत जा," मी म्हणालो.