आधीची लस

"निरूला याआधी कधी कुत्रा चावला होता?" डॉक्टर नलिनीबेननी विचारले.

"कधीच नाही," अहल्याबाई म्हणाल्या. "तीन वर्षांची होती तेव्हापासून माझ्याकडे आहे. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी तुम्हाला."

"म्हणून तर पुन्हा विचारते."

निरुपमा बाहेरच्या बाकावर बसली होती. आठवड्यापूर्वी कारेलीबागेत स्कूटर लावताना भटका कुत्रा तिच्या हाताला कडकडून चावला होता. आज तिसरी लस होती. नलिनीबेन अशा रुग्णांचा अभ्यास करीत होत्या. लस टोचण्यापूर्वी त्या प्रत्येकाचे थोडे रक्त तपासणीला पाठवीत. निरूचा निकाल त्यांच्यासमोर होता.

"लस देण्याआधीच्या रक्तातच रेबीजची प्रतिपिंडं सापडली," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, नमुने बदलले. पुन्हा तपासून घेतलं. तेच आलं. ही आपोआप येत नाहीत, अहल्याबेन. आणि हा रोग झालेला माणूस वाचत नाही. म्हणजे ती लशीचीच. मी पहिली लस म्हणून टोचली, तिच्या शरीराने ती बूस्टर म्हणून घेतली. दुसऱ्यांदा चावल्यावर दोन बूस्टर पुरतात. ते झाले. आज सुई नाही." त्यांनी निकालाचा कागद बाजूला ठेवला. "अंगावर कुठे जुना वण आहे?"

वण होता. निरूच्या डाव्या पोटरीवर चार गोल डाग होते. बडोदा स्टेशनच्या बाकावर ती सापडली तेव्हा ते अजून लालसर होते, असे बालगृहात सांगितले होते. आजारी मुलाला तापल्या सळईचा डाम देणारी माणसे या भागात कुणी पाहिली नाहीत? तो डामच, असे घरातल्या सर्वांनी धरून चालले. बाराव्या वर्षी निरूने आपल्याला जन्म देणाऱ्या बाईविषयी एकदा विचारले होते, "तिने मला का भाजलं गं?" आणि ती अहल्याबाईंना घट्ट बिलगली होती. त्या बिलगण्यात अहल्याबाईंना जे सुख मिळाले, त्याची कबुली त्यांनी स्वतःलाही कधी दिली नव्हती.

"ते दात होते?" त्यांनी हलकेच विचारले.

"असणार. आणि अर्धवट सोडलेल्या लशीने इतक्या वर्षांनी एवढं उरत नाही सहसा. महिनाभर खेपा घालाव्या लागतात. जखम भरली की लोक यायचं सोडून देतात, चांगले शिकलेलेसुद्धा. ही बाई येत राहिली. कुठून यायची, मजुरी बुडवून यायची का, देव जाणे."

खोलीतला पंखा फिरत होता. ज्या बाईचे नाव, गाव, चेहरा यांतले काहीही कुठे उरले नव्हते, ती एका मुलीच्या रक्तात सोळा वर्षे जागी राहिली होती. अहल्याबाईंच्या अंगावर काटा आला. त्यापाठोपाठ भीतीही आली.

"निरूला सांगायलाच हवं का?"

"लस आधी झाली होती एवढं तिला ठाऊक हवं. पुढे कधी उपयोगी पडेल. कुणी दिली, ते तुम्ही ठरवा."

'लहानपणी आम्हीच दिली होती, मी विसरले.' एवढे एक वाक्य पुरे होते. दारापर्यंत जाताना अहल्याबाईंनी ते मनात दोनदा जुळवूनही पाहिले.

"काय झालं?" निरूने मोबाइल खाली ठेवला. "चेहरा बघ तुझा! जणू कुत्रा तुलाच चावलाय. चाल ने आई, सुई टोचून घेऊ, मग नाश्ता. भूक लागलीय सॉलिड."

"आज सुई नाही." अहल्याबाई तिच्याजवळ बसल्या. ते वाक्य जिभेवर आले होते. त्यांनी ते गिळले. "निरू, तुला कुणी डाम दिला नव्हता. तुला कुत्रा चावला होता. आणि तुझ्या आईनं तुला सगळ्या लशी दिल्या होत्या."

"कधी? तू तर कधी बोलली नाहीस."

"मी नाही. तुझ्या आईनं."

हा शब्द त्यांनी त्या बाईसाठी आजवर कधी वापरला नव्हता. मग रक्तातले, वणाचे, महिनाभराच्या खेपांचे, जे ऐकले होते ते सारे त्यांनी सांगून टाकले. काही राखून ठेवले नाही.

निरूने अहल्याबाईंचा हात आपल्या पट्टी बांधलेल्या हातात घेतला.

"आई," ती म्हणाली, "म्हणजे मला सोडण्याआधी माझी शेवटची सुई होईपर्यंत ती थांबली होती."