पाहुण्यांसाठी खरेदी

"नीरजा, हात सोडायचा नाही," हेमांगीने तिसऱ्यांदा बजावलं आणि पोरीचं मनगट असं आवळलं की ती कळवळली.

दिवाळी चार दिवसांवर आलेली. परदेशी कंपन्यांचे शर्ट ठेल्यांवर मिळू लागल्यापासून सगळी दिल्ली सरोजिनी नगरच्या बाजारात लोटत होती. मुंगी शिरायला जागा नव्हती. मागच्या ब्लॉकमधली चार वर्षांची मुलगी गेल्याच आठवड्यात याच गर्दीतून नाहीशी झाली होती आणि अजून सापडली नव्हती. नीरजाही चारच वर्षांची. भीतीने हेमांगीला तीन रात्री धड झोप नव्हती, आणि आज तर घराबाहेर पडायचंच नव्हतं. पण आल्यागेल्याला खरेदीला नेणं हे दिल्लीतल्या मराठी बायकांच्या पत्रिकेतच लिहिलेलं असतं.

या खेपेचे पाहुणे म्हणजे दत्तूकाका. परवा दुपारी लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरच्या दारात उभे राहून त्यांनी हसत विचारलं होतं, "ओळखलंस का?"

अशा वेळी नाही कोण म्हणतं? "ओळखलं ना! या, या," हेमांगी म्हणाली होती.

"विश्वासराव ऑफिसात वाटतं?" असं म्हणत काका कोचावर टेकले. नोएडाला मुलासाठी फ्लॅट बघायला आले होते म्हणे. संध्याकाळी विश्वास आला तो वाकून पायाच पडला. त्यांना पलंग दिला आणि स्वतः जमिनीवर गादी घातली. स्वतःच्या माणसांसाठी किती करावं याला काही सुमार, असं हेमांगीच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं. मागे विश्वासच्या एका आतेभावाबद्दल "हे नक्की कोण?" एवढंच विचारलं, तर घरात महाभारत झालं होतं. तेव्हापासून दोघांनीही पाहुण्यांच्या चौकशा बंद केल्या होत्या.

"हेमांगी, हा स्वेटर बघ. आमच्या सूनबाईंना होईल?" काकांनी विचारलं.

तिने दोन्ही हातांनी स्वेटर ताणून पाहिला. खाली बघितलं तर नीरजा नव्हती.

"नीरजा! नीरजा!" तिने दुकानदाराला विचारलं, "भैया, छोटी बच्ची देखी? लाल फ्रॉक?"

"बहनजी, यहाँ तो सौ बच्चियाँ घूम रही हैं," दुकानदार मान वर न करता म्हणाला.

ती लोकांना ढकलत पुढे धावली, मागे आली, पुन्हा धावली. आता काय सांगायचं विश्वासला, एवढंच डोक्यात घुमत होतं.

"अगं, इकडे! इकडे आहे!"

बांगड्यांच्या दुकानापाशी काका उभे होते आणि नीरजा त्यांच्या कडेवर होती. हेमांगी भर बाजारात रडली.

"वेडी कुठली," काका म्हणाले. "असं कर, मी हिला घेऊन घरी जातो. किल्ली दे. तू निवांत खरेदी उरक."

"तुम्हाला उगाच त्रास..."

"घरचं माणूस असताना घाबरायचं कशाला?"

खरंच होतं ते. तिने किल्ली दिली. काकांच्या खांद्यावरून नीरजाने टाटा केला आणि ती दोघं गर्दीत दिसेनाशी झाली. सकाळपासून पहिल्यांदा हेमांगीच्या छातीवरचं ओझं उतरलं.

काका उद्या निघणार होते. त्यांना रिकाम्या हाती कसं पाठवायचं? कोपऱ्यावरच्या पीसीओमधून तिने विश्वासच्या ऑफिसात फोन लावला.

"अहो, तुमच्या काकांना शाल घेऊ की स्वेटर?"

"कुठल्या काकांना?"

"दत्तूकाकांना हो! ते नीरजाला घेऊन पुढे गेलेत, तेवढ्यात घेऊन टाकते."



"माझे काका?" विश्वास म्हणाला. "अगं, मी तर त्यांना तुझ्या माहेरचे समजून पाया पडत होतो."