खड्ड्याचं माप

पाववाल्याच्या अंगणातला खड्डा दीड हात खोल होता. त्याच्या काठावर गुडघे टेकून निळ्या टोपीतला निरीक्षक टेप लावत होता. हा दूरच्या, तिसऱ्याच देशातून आलेला माणूस. सीमेवर गोळा पडला की तो कुठून आला हे त्यानं सांगायचं, आणि तो सांगेपर्यंत दोन्ही देशांनी तोफा गप्प ठेवायच्या, असा करार होता. गावात त्याला सगळे ‘शिंपी’ म्हणत. एरवी तो टेप घेऊन उतरला की कुणीतरी विचारायचंच, “काय साहेब, सदरा कधी मिळणार?” आज कुणी विचारलं नाही.

काल दुपारी पाववाल्याची बायको दोरीवरचे कपडे काढायला अंगणात आली होती.

पाववाला भट्टीच्या ओट्यावर बसला होता. भट्टी थंड होती. शेजारी त्याची बहीण कपाळाला हात लावून बसलेली. मुलगा उभा होता, गणवेशातच. गावामागच्या टेकडीवर तो तोफेवर नोकरीला होता. आईला स्मशानात पोचवून तासाभरापूर्वीच घरी आला होता.

“सोडायचं नाही त्यांना,” पाववाला म्हणाला. “ऐकतोयस ना?”

“हो, बाबा.”

फाटकाबाहेर जीपमध्ये मुलाच्या तुकडीचा मेजर घड्याळ बघत होता. टेकडीवरच्या तोफांची तोंडं नदीपलीकडच्या गावावर केव्हाच धरून झाली होती. आता फक्त निरीक्षकाचा कागद हवा होता.

निरीक्षकानं खड्ड्याच्या बुडाशी चाचपलं. गोळ्याचं टोक मातीत घुसून तिरकं भोक पडलं होतं. त्यात त्यानं एक सळई सरकवली. सळईचं वरचं टोक ज्या बाजूला झुकतं, त्या बाजूनं गोळा आलेला असतो. त्यानं होकायंत्र धरलं. मग सळई काढून पुन्हा घातली आणि पुन्हा होकायंत्र धरलं.

नदी समोर होती. सळई झुकली होती मागे, घराच्या छपरावरून थेट टेकडीकडे.

निरीक्षकाची दुभाषी म्हणजे गावातल्या शाळेच्या भूगोलाच्या बाई. तो हळूच त्यांच्याशी काहीतरी बोलला. बाईंनी चष्मा काढून हातात धरला.

“काय म्हणाले?” पाववाल्यानं विचारलं.

“पुन्हा एकदा मोजतो म्हणाले.”

मुलगा पुढे आला. खड्ड्याशी उकिडवा बसला. सळई बघायला त्याला दुभाष्याची गरज नव्हती. काल दुपारी त्यांनी सरावाचे तीन गोळे गावावरून नदीच्या कोरड्या पात्रात टाकले होते. तिसऱ्याचा आवाज जवळून आला होता. “वाऱ्यानं फिरतो आवाज,” सुभेदार म्हणाला होता. अर्ध्या तासानं टेकडीवर बातमी आली, शत्रूनं गाव फोडलं. त्या बातमीनंतर तो जवळचा आवाज त्याच्या डोक्यातून गेला होता; आता तो आठवला.

मेजर आत आला. सळई बघून क्षणभर थांबला. मग मुलाच्या दंडाला धरून त्याला बाजूला घेत म्हणाला, “कागदावर घरच्याची सही लागते. तू म्हण, मोजणाऱ्यानं सळई हलवली. पुढचं मी बघतो.”

मुलानं बाईंकडे पाहिलं. “सळई हलवली असं मी म्हटलं तर?”

“तर हे माप रद्द,” बाई म्हणाल्या. “दुसरं पथक यायला दोन दिवस लागतात. तोवर इकडचे थांबणार नाहीत. तिकडचेही.”

“कागद द्या.”

“कुणाच्या विरोधात सही करतोयस, कळतंय?” मेजर म्हणाला.

“कळतंय, साहेब.”

त्यानं सही केली. अक्षर वाकडं आलं. मेजर निघून गेला. जीपचा दरवाजा जोरात आपटला. निरीक्षकानं वायरलेसवर तेच वाक्य दोनदा सांगितलं, एकदा अलीकडच्या ठाण्याला, एकदा पलीकडच्या. मग खड्ड्याकडे बघत टोपी काढून उभा राहिला.

नदीपलीकडच्या गावात त्या दिवशी काहीच झालं नाही.

“काय लिहिलं कागदावर?” पाववाला म्हणाला. मग त्यानं आवाज चढवला. “अहो बाई, माझं माणूस गेलंय!”

“गोळा टेकडीवरून आला, दादा,” बाई म्हणाल्या. “सरावाचा. नदीच्या अलीकडेच पडला.”

पाववाल्याला ते समजायला वेळ लागला. त्यानं छपराकडे पाहिलं, छपरामागच्या टेकडीकडे पाहिलं आणि मग मुलाकडे.

“काल दुपारी तू कामावर होतास?”

“होतो.”

“तोफेवर?”

मुलानं होकाराची मान हलवली. कुठल्या तोफेचा गोळा, ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि ते सांगून काही हलकं होणार नव्हतं.

बहीण उठायला गेली, पुन्हा बसली. पाववाला मुलाच्या हातांकडे बघत राहिला. मग त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं.

“याला जेवायला वाढ गं,” तो बहिणीला म्हणाला. “कालपासून पोटात काही नाही त्याच्या.”