पुढची सीट

हवाई सुंदरी वाकून म्हणाली, "आजी, पुढे मोठी सीट रिकामी आहे. पाय पसरून झोपता येईल. चला."

"फुकट? का गं, मी काय तुझी आत्या लागते?"

सासूबाईंना फुकटच्या मायेचा भारी संशय. चौदा तासांचा प्रवास होता आणि गुडघे पहिल्या तासातच बोंबलायला लागले होते, तरी त्या हलेनात. शेजारी खिडकीपाशी सून होती. विमानाच्या भीतीने तिने त्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता. तो तिनेच आता अलगद सोडला.

"जा ना आई. मी राहीन."

पाल दिसली तरी किंचाळणारी ही बया एकाएकी इतकी धीट कशी झाली? सासूबाई मनात चरकल्या. पण गुडघ्यांपुढे त्यांचं काही चालेना.

पुढची सीट लोण्यासारखी मऊ होती, तरी डोळा लागेना. पडद्यामागून सुनेचं हसू ऐकू येत होतं. थांबून थांबून, मधे कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखं.

"माझी पाठ वळताच कुणाला बसवलं हिने माझ्या जागी?" असं पुटपुटत त्या तरातरा मागे गेल्या.

जागा रिकामी होती. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं आणि सून गाढ झोपली होती. तिचं डोकं रिकाम्या सीटकडे कललं होतं, आणि कशालाही न टेकता, कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखं हवेतच स्थिर होतं.

तिला उठवायला सासूबाईंनी हात पुढे केला.

डोळे न उघडताच सून रिकाम्या सीटच्या दिशेने हळूच म्हणाली, "आई, त्या परत आल्यात. तुम्ही उठू नका हं."