लहानपणीचा फोटो

"आपापला लहानपणीचा फोटो आणा, आपण आधी कसे होतो ते एकमेकांना सांगू," असं सुप्रियाताईंनी अंगणवाडीत सांगितलं होतं. धनगरवस्तीवरच्या चार वर्षांच्या शेफालीनं पिशवीतून फोटो काढला, तो भिंतीवरचा, चौकटीसकट. काचेवर कुंकवाचं बोट, वरच्या कडीत सुकलेल्या झेंडूचा दोरा.

फोटोतली मुलगी ताईंना चांगली आठवत होती. याच चटईवर बसायची. शेफालीच्या जन्माच्या वर्षभर आधी तापानं गेली. पुढं मुलगी झाली तेव्हा आईनं तिचंच नाव हिला ठेवलं.

"ही तुझी मोठी बहीण गं," ताई हळूच म्हणाल्या.

"न्हाई, ही मीच हाय. आई म्हणती, मी एकदा गेलते, मग परत आले."

ताईंनी फोटो मांडीवर पालथा ठेवला. दुसऱ्या मुलांना हाक मारावी म्हटलं, तर एकाचंही नाव तोंडात येईना.

शेफाली त्यांना खेटून बसली.

"ताई, आई रोज माझी येणी घालताना इचारती, ह्या खेपेला ऱ्हाशील न्हवं?" तिनं वर बघितलं. "मी काय सांगू तिला?"