मागचा ब्रेक

कुलदीप तोंड धुवायला नळावर गेला, तेवढ्यात भुपेंद्रनं त्याच्या सायकलच्या मागच्या ब्रेकचा नट पिळला. चाक जरा उचलून हातानं फिरवून पाहिलं. रबर रिमला हलकंच घासत होतं. चालवणाऱ्याच्या कानाला कळू नये, पण मांड्यांना कळावं, एवढंच.

मग तो टपरीच्या बाकावर येऊन बसला. चहाला चव लागली नाही.

लाखनीत सायकलचं खूळ भुपेंद्रनंच आणलं होतं. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी दम दिला, तशी त्यानं गेअरची सायकल घेतली, सीटवर जेलचं कव्हर चढवलं, आतून गादी शिवलेली चड्डी मागवली. हायवेवरचे ट्रकवाले हसतील म्हणून ती चड्डी तो ढगळ पँटच्या आत घालायचा. एकट्याला जायची लाज वाटे, म्हणून कुलदीपला त्यानं ओढून आणलं. कुलदीपचा धानाचा व्यापार. दोघं पहिलीपासून एका बाकावरचे.

कुलदीप साधी, बिनगेअरची सायकल घेऊन आला आणि बघता बघता पुढं निघून गेला. पुलाच्या चढावर तो रोज वर थांबून भुपेंद्रची वाट पाही. आज तर टपरीवर सगळ्यांसमोर म्हणाला, "भुप्याची गाडी गेअरची हाये, पण जुंपलेला बैल बसका निघाला." सगळे हसले. भुपेंद्रही हसला.

दुसऱ्या सकाळी पुलावर भुपेंद्र आधी पोचला. वर उभं राहून दुसऱ्याची वाट पाहण्यात काय सुख असतं, ते त्याला तेव्हा कळलं. पण कुलदीप घामानं निथळत जवळ आला, तेव्हा त्याच्या तोंडाकडं बघवेना.

"आज पायच नाही उचलून राहिले बे."

"होते कधी कधी," भुपेंद्र म्हणाला आणि उगाच आपल्या चेनवर वाकला.

उद्या नट ढिला करू, असं त्यानं ठरवलं. तो उद्या काही आला नाही. रोज पुलावर पहिला पोचायची चटक लागली होती. टपरीवर आता लोक कुलदीपला चिडवत, आणि कुलदीप कपावर फुंकर मारत बसे. भुपेंद्र त्याच्या मागच्या चाकाकडं नजर जाऊ देत नसे. सायकली लावायची वेळ आली की आपली मुद्दाम लांब लावी.

एक दिवस चढाच्या मध्यावर कुलदीप उतरला. हँडलवर कोपरं टेकून उभा राहिला.

"भुप्या, दम लागून राहिला आजकाल. छातीवर धानाचं पोतं ठेवल्यावानी वाटते. डॉक्टरले दाखवू काय?"

भुपेंद्रनं मनात हिशोब केला. डॉक्टर तपासेल, काही नाही म्हणेल. मग हा माणूस सायकल तपासायला लागेल.

"कायले डॉक्टर?" तो म्हणाला. "तुह्या सीटची उंची चुकली हाये. गुडघा पुरा सरळ होत नाही, म्हणून जोर लागते. आणि रात्री जेवण हलकं कर. गॅस असन."

त्यानं तिथंच रस्त्याच्या कडेला कुलदीपची सीट बोटभर वर केली. परतल्यावर घरून तेलाची कुपी आणून चेनला तेल दिलं. मान वर न करता दिलं.

"तू हायेस म्हणून बरं बे," कुलदीप म्हणाला. "नाही तं मी कधीच सोडून देल्ली असती सायकल."

त्या दिवशी भुपेंद्रला जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं, तर म्हणाला, गॅस झाला. आणि आपलंच वाक्य ऐकून ताटावरून उठला.

मग एका सकाळी कुलदीप पुलाचा सगळा चढ सायकल हातात धरून चढला. वर आल्यावर हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "बैल आता मी झालो." ते हसू भुपेंद्रला दिवसभर टोचत राहिलं. मुलाशी बोलताना, आपल्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना, सारखं तेच डोळ्यांपुढं.

दुसऱ्या दिवशी कुलदीप आलाच नाही. भुपेंद्रनं खिशात पाना टाकला आणि त्याच्या घरी गेला. आधी ब्रेक ढिला करायचा, मग कुलदीप समोर आला की सांगून टाकायचं. मीच पिळला होता बे, चार शिव्या दे. वाटेत ते वाक्य त्यानं मनात घोळवून ठेवलं.

अंगणात कुलदीपची बायको राखी सुपात तांदूळ निवडत होती.

"या भाऊजी. झोपले हायेत ते. उठवू काय?"

"नको वहिनी, झोपू द्या. मी तोवर सायकल पाहतो."

छपरीतली सायकल त्यानं उलटी केली. पॅडल धरून चाक फिरवलं. चाक फिरलं, फिरतच राहिलं. कसला आवाज नाही. त्यानं खाली वाकून पाहिलं. रबर आणि रिम यांच्यात दोन्ही बाजूंनी चांगली फट होती.

"वहिनी, हा ब्रेक कोणी ढिला केला?"

"त्यायनंच नेली होती सायकलच्या दुकानात. ब्रेक घासून राहिला होता म्हणे. पुलावर पाय नाही उचलले म्हणे, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सोडवून आणला."

"कधी?"

"झाला असन महिना. तवापासून चाक लोण्यावानी फिरते म्हणत होते." राखीनं सूप खाली ठेवलं. "पण दम काही कमी नाही झाला, भाऊजी. मी रोज म्हणून राहिली, डॉक्टरले दाखवा. तं म्हणे, भुप्यानं सांगतलं, गरज नाही."

तिनं आतल्या दाराकडं पाहिलं आणि आवाज हळू केला.

"आज पहाटेपासून डावा हात दुखून राहिला म्हणत होते. कण्हत होते सारखे. आत्ता कुठं शांत झोपले."