चार नंबरचा दिवा

“शपथेवर सांगितलं तरी तुमास्नी पटायचं न्हाई,” गाडी मेन स्टँडवर चढवत हौसेराव म्हणाले, “पन काल शिरवळच्या पुढं एका मेंढपाळानं माझ्या गिअरच्या दिव्यावर बिडी पेटवली.”

सोमवारची सकाळ होती. कळंबोलीच्या गॅरेजचं शटर नुकतंच वर गेलं होतं आणि धम्मपाल मिस्त्रीच्या हातात अजून झाडूच होता. मानसिंग ट्रकवाला आपल्या स्कूटरची क्लचवायर बदलून घ्यायला बाकावर येऊन बसला होता. तो खदखदून हसला. हौसेरावांना तेवढंच हवं होतं. त्यांनी पिशवीतून कंदी पेढ्यांचा पुडा काढला.

“घ्या. लेकीनं दिल्यात. मंजुषा सोडतच नव्हती. म्हनली, आबा, आजची रात ऱ्हावा.”

धम्मपालने पुड्याचा छापील कागद नेहमीसारखा आधी सोडवून घेतला, चुरगळून खिशात घातला आणि मग पेढे मानसिंगपुढे धरले.

हा गिअर इंडिकेटर शनिवारी संध्याकाळी बसला होता. पण तो निवडण्यात तीन आठवडे गेले होते. धम्मपालने कुर्ल्याहून दोन नमुने आणले होते. एकात काळ्या काचेवर गिअरचा नुसता आकडा उमटायचा. दुसऱ्यात पाच बारके दिवे ओळीने, न्यूट्रलचा हिरवा आणि चार गिअरांचे चार तांबडे. हौसेरावांनी दोन्ही रोज हातात घेऊन पाहिले. शेवटी दिव्यांचा घेतला. म्हणाले, “आकडा येकलाच दिसतो. ह्यात बाकीचे इझलेले का असंनात, शेजारी तर असत्यात.”

तळोज्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते खारघरला राहत. नवीकोरी चार मजली इमारत, आणि माणसं तीन बिऱ्हाडांची. हौसेरावांच्या मजल्यावर त्यांच्याच दाराला तेवढं कुलूप लागायचं आणि निघायचं. म्हणून ते रोज गॅरेजवर येत. मोकळ्या हाताने कसं यायचं, म्हणून गाडीला काहीतरी बसवून घेत. दोन भोंगे झाले, चार आरसे झाले, मागे बसायला कोणी नसताना साडीगार्डसुद्धा झालं. रविवारी गॅरेज बंद. रविवारी हौसेराव साताऱ्याला लेकीकडे जात आणि सोमवारी ते जाणं सांगायला येत.

“तर खोपोली सुटली, घाट चढलो,” ते सांगू लागले, “आन् लोणावळ्याच्या पुढं चारचा दिवा जो पेटला, तो शिरवळपातूर इझला न्हाई! मिरचीवानी लाल. तितनं पुढं त्यो मेंढपाळ आडवा आला. म्हनला, पावनं, काडेपेटी भिजलीया, जरा इस्तू द्या.”

“बिडीच पेटवली ना काका? का भाकऱ्या पण भाजून घेतल्या?” मानसिंग म्हणाला.

“हसू नगंस. बस गाडीवर. सोताच्या डोळ्यानं बघ.”

मानसिंग बसला. चावी फिरवली. हिरवा दिवा लागला. धम्मपालने मागचं चाक हाताने फिरवलं, मानसिंगने पायाने गिअर टाकला. एक लागला. दोन लागला. तीन लागला. चौथा पडला आणि अख्खी ओळ काळी झाली.

“अरे! काका, चार नंबर तर ठार!”

हौसेरावांच्या तोंडातला पेढा तोंडातच राहिला. या बाकाखेरीज बसायला त्यांना दुसरी जागा नव्हती. इथे खोटं पडल्यावर उद्या कुठल्या तोंडाने यायचं?

“येताना खड्ड्यात आदळली गाडी,” ते कसेबसे म्हणाले. “उडाला आसंल.”

मानसिंगने धम्मपालकडे पाहिलं.

“उडतो,” धम्मपाल म्हणाला. “हलका माल आहे. उतर तू, तुझी वायर टाकून देतो.”

क्लचवायर बसली. मानसिंग आणखी एक पेढा उचलून, “इस्तू द्या, पावनं” म्हणत हसत निघून गेला. हौसेराव पिशवीची घडी घालत राहिले. घातलेली मोडून पुन्हा घातली.

धम्मपाल हात पुसत त्यांच्याशेजारी बाकावर टेकला.

“काका, शनिवारी बसवताना चारचा बल्ब फुटला माझ्या हातून. दुसरा नव्हता. तुम्हाला सांगणारच होतो, पण तुम्ही गोष्टीत खंबाटकीच्या घाटात होता, मधे बोलायला जागाच देत नव्हता. चारची वायर अजून टाकीखाली मोकळी लोंबतेय.”

धम्मपालने खिशातून तो चुरगळलेला कागद काढला, मांडीवर ठेवून सरळ केला आणि त्यांच्या हातात दिला. कागदावर छापलेलं दुकान, दर सोमवारसारखंच, पनवेलचं होतं.

“तुम्ही साताऱ्याला जातच नाही, काका. काल नाही, आधी पण नाही.” तो उठला आणि मानसिंगने गाडीलाच ठेवलेली चावी काढून त्यांच्यापुढे धरली. “येत्या रविवारी शटर उघडं ठेवतो. बल्ब तेव्हा बसवू. तुम्ही साताऱ्याला जाऊ नका. इकडं या.”